मातीचा जमाखर्च

माझें सारें आयुष्य हिशेबाच्या वह्या लिहिण्यांत गेलें. कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारांत एका पेढीवर मी हिशेबनीस होतों. त्या बाजारांत वावरणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर उमगते, ती ही कीं, लोखंडाचा लहानसा तुकडाहि तेथें फुकट जात नाहीं. गंजलेली सळई असो, पत्र्याची कातरण असो, कीं मोडक्या यंत्राचें चाक असो. भंगार म्हणून त्याचें वजन होतें, दर ठरतो, पावती फाटते, आणि भट्टींत जाऊन तें पुन्हां नवें लोखंड होऊन बाजारांत येतें. अशा बाजारांत दिवसभर बसून मी संध्याकाळीं घरीं येत असें आणि इमारतीच्या जिन्याखालीं कचऱ्याचे डबे भरून वाहत असलेले पाहत असें. केळ्यांच्या साली, वाटाण्यांचीं टरफलें, भाज्यांचे देठ, चहाचा चोथा! वर्षानुवर्षें मीं तें पाहिलें. पण हाहि एक माल आहे आणि त्याचाहि जमाखर्च कोठें तरी मांडला पाहिजे, असें माझ्या हिशेबी मनाला कधीं वाटलें नाहीं. तें वाटलें निवृत्त झाल्यावर, आणि तेंहि एका फजितीमुळें. त्या फजितीची हकीकत, आणि घरच्या कचऱ्याचें खत व त्याचा बागेंत उपयोग यांविषयीं तिच्यांतून मला जें थोडेंबहुत कळलें, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

कळंबोली म्हटलें कीं, आपणांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें मुंबई-पुणें द्रुतगति महामार्गाचें तोंड आणि मालमोटारींच्या रांगा उभ्या राहतात. परंतु मुळांत हें पनवेल तालुक्यांतील, खाडीकडच्या सखल भागांतील एक भातशेतीचें गांव. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसविण्याचें काम तिनें हातीं घेतलें, आणि पुढें या सखल जमिनीवर मुरूम-मातीचा भराव पडून वसाहत उभी राहिली. २००५ सालच्या जुलैंतील महापुरांत ज्यांच्या घरांत पाणी शिरलें, त्यांना ही जमीन किती खालीं आहे हें निराळें सांगावयास नको. सांगण्याचा मुद्दा असा कीं, आमच्या पायांखालीं आहे ती शेताची माती नव्हे. आमच्या कुंपणाशेजारीं वीतभर खणलें कीं पहार मुरमावर आणि विटांच्या तुकड्यांवर खणकन् वाजते. मग ज्याला दारांत चार झाडें लावावयाचीं असतात, तो रोपवाटिकेंतून लाल मातीचीं पोतीं विकत आणतो. ती माती तरी कोठून येते? कोठल्या तरी टेकडीचा उतार किंवा कोणाच्या तरी शेताचा थर खरवडूनच ती येते. म्हणजे एका हातानें आम्ही माती विकत घेतों, आणि ज्याची माती होऊं शकते असा पदार्थ दुसऱ्या हातानें रोज सकाळीं घंटागाडींत टाकून देतों. असा व्यवहार ज्या पेढीवर चालेल, तिचें दिवाळें निघण्यास किती दिवस लागतील?

आंकडेच सांगावयाचे तर, चार माणसांच्या घरांत दिवसाला सुमारें एक किलो ओला कचरा निघतो. वर्षाचा साडेतीनशें किलोंहून अधिक. त्यांतला बहुतेक भाग पाण्याचाच. तो नीट कुजला तर वजनाच्या चौथ्या-पांचव्या हिश्शाइतकें, म्हणजे सत्तर-ऐंशी किलो खत हातीं येतें. दहा-पंधरा कुंड्यांच्या बागेला तें पुरून उरेल. तोच कचरा क्षेपणभूमीवर जाऊन ढिगाखालीं दडपला गेला, तर त्याला हवा मिळत नाहीं. हवेवांचून तो सडतो आणि त्यांतून मिथेन नांवाचा वायु निघतो. पृथ्वी तापविण्याची या वायूची शक्ति, शंभर वर्षांच्या मापानें मोजली तर, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारें २८ पट भरते. शिवाय हा वायु ज्वालाग्राही. २०१६ च्या जानेवारींत मुंबईच्या देवनार येथील क्षेपणभूमीला लागलेल्या आगीचा धूर दिवसचे दिवस शहरावर तरंगत होता. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें घनकचऱ्याचे नवे नियम केले आणि ओला, सुका व घातक कचरा घरींच वेगळा करण्याचें बंधन नागरिकांवर घातलें. त्याच वर्षीं १ ऑक्टोबर रोजीं पनवेल महानगरपालिका अस्तित्वांत आली व कळंबोली तिच्या हद्दींत गेली. आमच्या घरीं एका डब्याचे दोन डबे झाले ते त्यानंतर. डबे दोन झाले खरे, पण ओल्या डब्याची वाट मात्र तीच राहिली.

आतां माझी फजिती. निवृत्त झालों त्या वर्षीं उन्हाळा सरतां सरतां मीं प्लॅस्टिकचें एक मोठें पिंप आणलें, तें गॅलरींत ठेविलें, आणि घरांतला ओला कचरा त्यांत टाकून झांकण लावूं लागलों. वास येऊं नये म्हणून अगदीं घट्ट! पंधरा दिवस हें मोठ्या अभिमानानें चाललें. तोंच पावसाळा लागला. आमच्या बाजूचा पाऊस एका मोसमांत शंभर इंचांहून अधिक पडणारा. झांकणाच्या कडेनें पाणी आंत गेलें, पिंप तळाशीं पाझरूं लागलें, आणि तो काळा आंबूस द्रव खालच्या मजल्यावरील वहिनींच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर ठिबकला. त्या वर आल्या. मीं झांकण उघडलें मात्र, आणि जी दुर्गंधि सुटली तिचें वर्णन मी येथें करीत नाहीं. आंत अळ्या वळवळत होत्या. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भाऊ, इतक्या वर्षांचा शेजार आहे, म्हणून आधीं तुमच्याकडे आलें." त्यानंतर त्या माझ्याशीं बोलेनाशा झाल्या. प्रकरण सोसायटीच्या सभेपुढें गेलें. कोणीहि घरांत कचऱ्याचें पिंप ठेवूं नये, असा ठराव यावयाचा होता. मीं तीन महिन्यांची मुदत मागितली. ती कशीबशी मिळाली. पण जिन्यांत समोरासमोर आलों कीं दोघांनींहि नजर चुकवावी, असे ते तीन महिने गेले.

माझी आई तेव्हां ऐंशीच्या पुढची होती. आमचें मूळ गांव साताऱ्याकडचें. तेथलें घर मोडल्यावर ती आमच्याकडे आली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिला करण्यासारखें असें कांहीं राहिलें नव्हतें. त्या दिवशीं ती भिंतीला धरून गॅलरींत आली, पिंपांत डोकावली आणि म्हणाली, "अरे, उकिरड्याला श्वास लागतो. तूं त्याचा गळा दाबलास. आणि नुसतें ओलें ओलें काय घालतोस? शेणावर आपण चगाळ टाकीत होतों, राख टाकीत होतों, तें विसरलास होय?"

आईचें हें बोलणें ऐकून मीं ग्रंथालयाची वाट धरली, आणि पुस्तकांत जें सांपडलें त्याचा गाभा तिनें मला आधींच सांगून टाकला होता असें आढळलें. खेड्यांतील उकिरड्याच्या या विद्येला शास्त्राची बैठक मिळाली ती इंदुरास, होळकरांच्या राजधानींत. १९२४ सालीं तेथें पिकांच्या संशोधनाची एक संस्था निघाली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९३१ पर्यंत तिचे संचालक होते. कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यावे, ढीग ओलसर राखावा, वेळोवेळीं तो वरखालीं करावा, आणि सुमारें तीन महिन्यांत खत काढावें, अशी रीत त्यांनीं बसविली. तीच 'इंदूर पद्धति' या नांवानें जगभर गेली. इकडचे शेतकरी हेच आपले गुरु, अशी हॉवर्ड यांची प्रांजळ कबुली होती. १९३१ सालीं या रीतीवर जें पुस्तक प्रसिद्ध झालें, त्यावर त्यांच्या जोडीला यशवंत वाड यांचें नांव आहे. हॉवर्ड यांचें नांव जगानें लक्षांत ठेविलें. वाडांचें नांव आपणच विसरलों.

पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनीं दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा विटांच्या टांक्यांत खत करण्याची युक्ति काढली. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. या टांक्याच्या भिंतींत मुद्दाम छिद्रें ठेवलेलीं असतात. त्यांतून हवा खेळते, म्हणून ढीग उपसण्याचे कष्ट वांचतात, आणि शेणहि थोडकेंच लागतें. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनीं 'प्रयोग परिवार' उभा केला आणि शहरांतल्या गच्चीवरहि घरच्या टाकाऊ पदार्थांतून माती घडवून झाडें वाढवितां येतात, हें लोकांना करून दाखविलें. त्यांच्याच वाटेनें मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर तेथल्याच भाजीपाल्याच्या कचऱ्यावर फळझाडांची व भाज्यांची बाग फुलली. प्रीति पाटील यांनीं ती उभी केली. माणसें निरनिराळीं, ठिकाणें निरनिराळीं. परंतु सर्वांचा भर दोनच गोष्टींवर आहे. कुजणाऱ्या पदार्थाला हवा मिळाली पाहिजे, आणि ओल्याला सुक्याची जोड पाहिजे.

ही जोड कां लागते, तें थोडक्यांत सांगतों. कुजविण्याचें काम करतात ते डोळ्यांना न दिसणारे जीवाणू आणि बुरशी. त्यांना अन्नांत कर्ब आणि नत्र हे दोन्ही लागतात, आणि त्यांचें प्रमाण सामान्यतः पंचवीस-तीस भाग कर्बास एक भाग नत्र असें असलें म्हणजे त्यांचें काम उत्तम चालतें. भाजीच्या ओल्या कचऱ्यांत नत्र जास्त, कर्ब कमी. वाळल्या पानांत, काथ्याच्या भुशांत, लांकडाच्या भुशांत कर्ब पुष्कळ, नत्र थोडें. नुसता ओला कचरा कोंडला कीं जास्तीचें नत्र अमोनिया होऊन उडूं लागतें, पाण्यानें हवेच्या वाटा बुजतात, आणि हवेवांचून जगणारे जीवाणू तेथें राज्य करूं लागतात. दुर्गंधि येते ती त्यांची. माझ्या पिंपांत कुजणें चाललें नव्हतें. सडणें चाललें होतें.

दुसऱ्या खेपेस मीं काय केलें, तें सांगतों. कारण आपणांपैकीं कोणास करून पाहावयाचें असल्यास तेवढेंच पुरेसें आहे. वीस-पंचवीस लिटरच्या दोन जुन्या बादल्या घेतल्या, त्यांच्या कडांना आणि तळाला तापल्या खिळ्यानें भोंकें पाडलीं, आणि खालीं विटा व एक थाळा ठेवून त्या पाऊस लागणार नाहीं अशा जागीं ठेविल्या. तळाशीं चार बोटें वाळलेला पाला आणि नारळाच्या शेंड्या घातल्या. मग रोजचा कचरा बारीक चिरून, पाणी निथळून टाकावयाचा, आणि जेवढा कचरा तेवढाच, पावसाळ्यांत त्याच्या दीडपट, सुका पाला चुरून वर पसरावयाचा. आरंभीं ओंजळभर जुनें खत किंवा वाटीभर आंबट ताक घातलें म्हणजे विरजण लावल्यासारखें होतें. तीन-चार दिवसांनीं काठीनें वरखालीं करावें. ओल किती असावी? मूठभर घेऊन दाबलें तर हात ओलसर व्हावा, पण बोटांतून पाणी गळूं नये. तेलकट अन्न, दूध, मांस, माशांचे कांटे हे पदार्थ नवख्यानें मुळींच घालूं नयेत. लिंबाच्या साली थोड्या असाव्या. अंड्यांचीं टरफलें मात्र कुटून खुशाल घालावीं. एक बादली भरली कीं तिला विश्रांति द्यावी आणि दुसरी सुरू करावी. दोन ते तीन महिन्यांत पहिल्या बादलींतील मालाची ओळखहि पटेनाशी होते.

खरी अडचण पडते ती सुक्या पाल्याची, तीहि पावसाळ्यांत. फाल्गुन-चैत्रांत आमच्या रस्त्यांवर पानांचा सडा पडतो. कोणी तो झाडून ढीग करतात, आणि पुष्कळदां पेटवूनहि देतात. उन्हाळ्यांत आपण लोणचीं-पापडांची बेगमी करतों, तशी दोन-तीन पोतीं पाल्याची बेगमी त्याच वेळीं करून ठेवावी. अळ्यांचेंहि भय बाळगूं नये. मोठ्या, मातकट रंगाच्या ज्या अळ्या दिसतात त्या बहुधा एका काळ्या माशीच्या असतात. ती घरमाशीप्रमाणें आपल्या अन्नावर बसत फिरत नाहीं, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्यानें खातात. सुका पाला वाढविला कीं त्या कमी होतात. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. मीटरभर लांब, रुंद आणि उंच अशा मोठ्या ढिगांत उष्णमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतें आणि त्यांत तणांचीं बियाणें व रोगजंतु मरतात. लहान बादलींत तेवढी ऊब टिकत नाहीं. म्हणून रोगट झाडांचे अवशेष तींत घालूं नयेत. आणि कुंड्यांतून न लावतां टोमॅटोचीं रोपें उगवलीं, तर आश्चर्य मानूं नये!

तीन महिने भरले आणि सभेचा दिवस आला. मीं एका पितळी डब्यांत खत नेलें. काळसर, भुरभुरीत, चहाच्या पुडीसारखें. तो डबा हातोहात फिरला. कोणी भीतभीत हुंगला, मग पुन्हां हुंगला. पहिल्या पावसांत मातीचा जो वास येतो, तोच वास त्याला होता. कारण तो वास निर्माण करणारे सूक्ष्म जीव दोन्हीकडे एकाच कुळांतले. ठराव मांडलाच गेला नाहीं. खालच्या मजल्यावरील वहिनींनीं जातांना त्यांतलें मूठभर खत पदरांत घेतलें, तुळशीसाठीं. बोलल्या मात्र कांहीं नाहींत. चार दिवसांनीं सकाळीं दार उघडलें, तों उंबऱ्याशीं भाजीच्या देठांनीं भरलेलें एक पातेलें होतें. देठ बारीक चिरलेले होते.

खत झालें म्हणजे तें कसें वापरावें, याविषयीं चार शब्द. घाई करूं नये. बादलीला हात लावल्यास गरम लागत असेल, आंबूस वास येत असेल, साली ओळखूं येत असतील, तर खत कच्चें आहे. कच्चें खत कुंडींत घातलें तर तें तेथें कुजूं लागतें आणि झाडाच्या वांट्याचें नत्र व मुळांना लागणारी हवा स्वतःच खातें. परीक्षा सोपी आहे. वाटीभर खतांत चिमूटभर मेथी पेरावी. चार-पांच दिवसांत ती टवटवीत उगवली तर खत पिकलें असें समजावें. नवी कुंडी भरतांना दोन भाग माती, एक भाग खत आणि एक भाग काथ्याचा भुसा घ्यावा. जुन्या कुंडीला महिन्यातून एकदां ओंजळभर खत पुरे. वरची माती हलकेंच उकरून, बुंध्यापासून चार बोटें दूर तें मिसळावें, आणि वर वाळल्या पानांचें पांघरूण घालावें. उन्हाळ्यांत पाण्याची तहान निम्मी भागते ती या पांघरुणानें. मुरमाड जमिनींत कढीपत्ता किंवा शेवगा लावावयाचा असेल तर हात-दीड हात खड्डा खणून, निघालेल्या मातींतील दगड वेंचून टाकून, उरलेल्या मातींत खत मिसळावें आणि तो भरावा. गच्चीवर बाग करणाऱ्यांनीं ओल्या मातीच्या वजनाचा आणि गळतीचा विचार आधीं करावा. खत मिसळलेली माती हलकी होते, हाहि तेथें एक लाभच.

कोणी विचारतील कीं, रासायनिक खताच्या पुडींत नत्र कितीतरी अधिक असतें. मग हा खटाटोप कशाला? गोष्ट खरी आहे. घरच्या खतांत नत्र शेंकडा एक-दीड भाग असलें तरी पुष्कळ. परंतु पुडी झाडाला जेवूं घालते, माती घडवीत नाहीं. पाणी धरून ठेवणें, मुळांना वाट देणें, गांडुळांना आणि असंख्य सूक्ष्म जीवांना घर देणें, हें काम कुजलेल्या पदार्थाचें आहे. ज्या गांवाला स्वतःची माती आहे त्याला हा प्रश्न कदाचित् लहान वाटेल. आमच्या भरावावरच्या वसाहतीला ती मुठीमुठीनें घडविल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आई त्यानंतर चार वर्षें होती. रोज सकाळीं भाजी निवडून झाली कीं विळी पुढें ओढून ती देठ आणि साली बारीक चिरीत बसे, आणि बादलींत टाकल्यावर पाल्याची मूठ स्वतःच्या हातानें वर पसरी. दुपारीं इमारतींतल्या सुना तिच्याकडे येत. कोणाच्या बादलींत पाणी झालें, कोणाच्या बादलींत मुंग्या झाल्या, तें विचारून जात. मुंग्या झाल्या म्हणजे सुकें फार झालें, पाणी शिंपडा, असें ती सांगे. आमच्या इमारतींतल्या बारा घरांपैकीं सात घरीं आज अशा बादल्या आहेत. कुंपणाच्या कडेला, जेथें पहार वाजत होती, तेथें आतां कढीपत्त्याचें एक झाड माझ्या डोक्याच्या वर गेलें आहे. त्याचीं पानें सर्वांच्याच फोडणींत पडतात, आणि देठ परत बादलींत येतात.

श्रोतेहो, आपल्या घरीं उद्यां सकाळीं भाजी निवडली जाईल. देठ आणि साली एका बाजूस पडतील. गाडी येण्यापूर्वीं त्या ढिगाकडे एकवार पाहावें आणि त्याचें वजन मनांत करावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.